हात न टेकता

आत्याबाई, तुम्ही गेलात तेव्हा कॉलेजात जाणारा तुमचा नातू आता हजरतगंजच्या एका सरकारी ऑफिसात साहेब म्हणून बसतो. त्याचे केस मागे सरकत चाललेत आणि मी पुढे सरकत सरकत तुमच्या वयाच्या शेजारी येऊन बसले आहे. मला अक्षर तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. मी बोलते आहे आणि सून लिहिते आहे. ती नागपूरची, बी.ए. झालेली, इथल्या शाळेत शिकवते. माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहायची तिला खोड आहे, म्हणून मी मधूनमधून वाचून दाखवायला लावते. तुमची तिची भेट झाली नाही. तुमच्यामाझ्यात व्हायची तशी भांडणं तिच्यामाझ्यात होत नाहीत, त्यामुळे घर जरा सुनं सुनं वाटतं.

आज तुमची आठवण निघायला कारण घडलं. पौर्णिमेला विहारात गेलो होतो. वंदना झाली, सगळ्या बायका उठल्या आणि मी काही सतरंजीवरून उठेना. उजवा हात टेकला, डावा टेकला, गुडघ्यांवर आले आणि तिथेच अडकले, नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी. शेवटी दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं. त्यातली एक म्हणाली, "अम्मा, अगली बार आपके लिए कुर्सी रखवा देंगे." चांगल्या मनाने म्हणाली बिचारी. पण खुर्ची माणसाच्या पायांचं काय करते ते मी तुमच्या पायांवर पाहिलं आहे. रिक्षात बसल्यापासून मी तुमच्याशी बोलत होते. सून म्हणाली, "आई, कुणाशी बोलताय?" म्हटलं, "माझ्या सासूशी. घरी गेल्यावर कागद काढ."

तुम्ही लखनऊला आलात तो दिवस मला स्वच्छ दिसतो. मामंजींना जाऊन वर्ष झालं होतं आणि हे तुम्हांला आणायला वर्ध्याकडे गेले होते. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आम्हांला नुकतंच क्वार्टर मिळालेलं, दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात नळ. रिक्षा पुरती थांबायच्या आत तुम्ही उतरलात, गठुडं डोक्यावर घेतलंत आणि आल्या आल्या विचारलंत, "हीर कुठं हाय?" मी नळ दाखवला. तुम्ही नळाकडे असं पाहिलंत, जसं काही मीच तुम्हांला फसवते आहे. संध्याकाळी तुम्ही गहू निवडायला बसलात. उकिडव्या, दोन्ही तळपाय जमिनीला चिकटलेले, पाठ ताठ. अख्खा डबा निवडून होईस्तोवर हलला नाहीत आणि मग भरलेलं सूप दोन्ही हातांत धरून, कुठेही हात न टेकता, सरळ उभ्या राहिलात. जन्मभर निंदण आणि कापूस वेचणी केलेले पाय होते ते. मी तुमच्याहून वीस वर्षांनी लहान, मी कंबर धरून उठले. तुम्ही म्हणालात, "काय वं, गुडघ्यात गहू गेले का तुह्या?"

आणि दुसऱ्याच दिवशी हे ऑफिसातून आले ते सायकलच्या कॅरियरला वेताची खुर्ची बांधून.

त्या खुर्चीमागचं कारण सुनेला ठाऊक नाही, म्हणून तिच्यासाठी सांगते, तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करा. हे लहान असताना तुमच्याबरोबर पाटलाच्या अंगणात मजुरी आणायला जायचे. ओसरीवर बाकडं होतं. त्यावर त्या घरातली पोरं बसायची, कधी कुत्रंही चढून बसायचं, आणि तुम्ही खाली धुळीत बसून वाट पाहायच्या. कुणी तुम्हांला 'वर बस' म्हणायचं नाही आणि तुम्हीही बसायच्या नाहीत. हे सगळं त्या मुलाने मनात धरून ठेवलं. पुढे दीक्षा घेतली, शिकले, रेल्वेच्या संशोधनाच्या ऑफिसात डब्यांची ड्रॉइंग काढायच्या नोकरीला लागले, आणि क्वार्टर मिळाल्यावर घरात एकच कायदा केला: माय आता जमिनीवर बसणार नाही. आपल्या लोकांत नोकरी लागलेल्या किती पोरांनी पहिल्या पगारात आईसाठी खुर्ची घेतली असेल. तिच्यावर बसायला लावायचं आणि मग जरा लांब उभं राहून बघायचं. हे तसेच बघत उभे होते. तुम्ही मात्र दुसऱ्याच्या बैलावर बसवल्यासारख्या अवघडून बसला होतात.

मग तो कायदा वाढत गेला. तुमच्या हातातला झाडू मी काढून घेतला, मग सूप, मग विळी. अंघोळीचं पाणी आत, जेवणाचं ताट हातात, चपला पायांशी. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "अम्मा जी, बहू हो तो ऐसी," आणि मी फुगायची. तुम्ही म्हणायच्या, "मले लुळी करून ठेवाल तुमी." आम्ही हसायचो. खुर्चीच्या पायांना वाळवी लागलेली सगळ्यांना दिसते. त्या खुर्चीने तुमच्या पायांना वाळवी लावली ती मात्र कुणाला दिसली नाही.

पहिलं वर्ष काही कळलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, जेव्हा इथे दुपारपर्यंत धुकं हटत नाही आणि म्हातारी माणसं रजईतून तोंड काढत नाहीत, तेव्हा तुम्ही उठताना खुर्चीच्या हातांवर जोर द्यायला लागलात. मग उठायच्या आधी एक सुस्कारा यायला लागला. मग सुस्काऱ्याच्या आधी मला हाक. एकदा तुमच्या पायांना तेल लावताना माझ्या लक्षात आलं, की दगडासारख्या पोटऱ्या गेल्या आणि हाताला नुसती कातडी लागते आहे. मी तेल जास्त घेतलं. तेलाने काय होणार. फाल्गुनात तुम्ही नळापाशी पडलात. हाड वाचलं, पण धीर मोडला. त्यानंतर तुम्ही भिंत सोडून पाऊल टाकेनात आणि ह्यांचं औषध एकच, आणखी बसवून ठेवा. अंगणातसुद्धा जाऊ देऊ नका.

तुमचे केस विंचरत होते तेव्हाची गोष्ट. तुम्ही पाठमोऱ्याच बोललात. "मले गावाले जायचं हाय. मराले नाई, राहाले. बहीन हाय माही तिथं." मी म्हटलं, "त्यात काय, ह्यांना पास मिळतो, घेऊन जातील." तुम्ही मान वळवलीत, फणी केसांतच राहिली. "कसं घेऊन जातील? कडेवर? गावातून मी चालत निंगाली, साऱ्यायनं पाह्यलं. आता गठुडं होऊन नाई जात. माह्या पायानं गाडीत चढीन, नाई तं इथंच राहीन." गाडी इथून एकदा आणि झाशीला बदलताना पुन्हा एकदा चढायची होती. आणि तुम्हांला तेव्हा न्हाणीघराचा उंबरा चढवत नव्हता.

मग मी तुम्हांला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघे ठोकून पाहिले आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. त्या इथल्याच, जुन्या लखनऊच्या. बोलणं इतकं मऊ, की रागावल्या तरी कळायला वेळ लागावा. "अम्मा जी, ज़रा बिना हाथ लगाए उठकर दिखाइए." तुम्ही पुढे वाकलात, अर्ध्या उठलात आणि धपकन मागे बसलात. पुन्हा केलंत, पुन्हा तेच. तुमचे डोळे भरून आले. पाय दुखले म्हणून नव्हे, लोकांसमोर हरलात म्हणून. बाईंनी मला विचारलं, "दिन भर क्या करती हैं?" मी अभिमानाने सांगितलं, "हम इनको कुछ भी नहीं करने देते." बाईंनी चष्मा काढला. "बस, यही बीमारी है. पैर काम माँगते हैं. काम न दो तो रूठ जाते हैं. आप लोगों ने गिरने के डर से बिठा दिया, और अब बैठे-बैठे ही गिरने लायक हो गईं."

तुम्ही मला हळूच विचारलंत, "काय म्हन्ते वं?" मी म्हटलं, "म्हणते, सासूला कामाला लाव." तुम्ही त्या बाईकडे पहिल्यांदा नीट पाहिलंत.

त्यांनी सगळं करून दाखवलं. पक्क्या, न हलणाऱ्या खुर्चीच्या कडेवर बसायचं, पाय मागे घ्यायचे, नाक पुढे न्यायचं आणि हात न लावता उठायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. सुरुवातीला खाली उशी घालून उंच करायचं, जमलं की उशी काढायची. मग खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा, आणि ते सोपं झालं की घोट्याला वाळूची पिशवी बांधायची. भिंतीशी आडवं चालायचं. वीट ठेवून चढायचं, उतरायचं. पाय भरून यावेत, पण दुखणं चमकायला लागलं तर थांबायचं. आणि कुणीतरी जवळ उभं राहायचं, पण धरायचं नाही. "दाल, अंडा, दूध खिलाइए. ताक़त हवा में से नहीं आएगी." परत येताना रिक्षा छावणीतून आली. मैदानावर जवान कवायत करत होते. तुम्ही म्हणालात, "पाह्य, तुह्या डॉक्टरनीनं मले यायच्यात भरती केलं."

पण घरी आल्यावर तुम्ही साफ नाही म्हणालात. बिनकामाची उठबस तुम्हांला पटेना. वाकायचं तर तण निघालं पाहिजे, उठायचं तर बोंडं कमरेच्या ओट्यात पडली पाहिजेत. नुसतंच उठायचं आणि नुसतंच बसायचं म्हणजे शाळेतल्या पोराला शिक्षा. "मी काय चुकली म्हनून उठाबशा काढू?" अंडं तेवढं खायच्या. दोन दिवस मी विनवण्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी तुमची तंबाखूची डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली. तुम्ही हाक मारलीत, मी पोळ्या लाटत राहिले. तुम्ही मला, माझ्या माहेराला, माहेरच्या विहिरीला शिव्या घातल्यात. मी म्हटलं, "डबी तिथेच आहे आत्याबाई, मी कुठे पळवली?" शेवटी तुम्ही खुर्चीला रेटून उठलात, भिंतीने गेलात, फळी धरून टाचा उचलल्यात आणि डबी काढलीत. तुमची तलफ तर ठरलेली, त्यामुळे दिवसभर व्यायामाला खंड नाही. डबी परत फळीवर कुणी ठेवायची यावरून रोज भांडण. कॉलनीला वाटत असेल, गेली ती चांगली सून.

सून लिहिता लिहिता हसते आहे. हसू नकोस. तुझ्यासाठीही फळी बघून ठेवली आहे मी.

हळूहळू मी तुम्हांला खाली बसवायला लागले, भिंतीला टेकून, पाट घालून, हातात मेथीची जुडी देऊन. आणि एका शनिवारी हे अर्ध्या दिवसाने लवकर घरी आले. पॅन्टला सायकलची क्लिप तशीच, दारात उभे. तुम्ही जमिनीवर, मांडीत मेथी. मी शेजारी. हे कधी ओरडायचे नाहीत, तुम्हांला ठाऊक आहे. चेहरा उतरला नुसता. मला म्हणाले, "तिला तिथून उठवायला माझी निम्मी जिंदगी गेली. आणि तू परत खाली बसवलीस?" तुम्ही मेथी खुडायची थांबला नाहीत. म्हणालात, "बाबू, तवा दुसऱ्यायनं बसवलं म्हनून बसत होती. आज माह्या मर्जीनं बसून रायली. काई फरक हाय का नाई?" ह्यांनी सायकलचा पंप घेतला आणि बाहेर जाऊन, हवा असलेल्या चाकात हवा भरत राहिले.

आठवडा गेला. मग एका संध्याकाळी सुताराला घेऊन आले. त्याच्या डोक्यावर लाकडाची एक पायरी. ती अंगणात भिंतीशी ठेवली आणि शेजारी भिंतीत उभी लोखंडी सळई ठोकून घेतली, डब्याच्या दारापाशी असते तशी. तुम्हांला म्हणाले, "माय, गाडीच्या डब्याची पायरी एवढी उंच असते. ऑफिसात मी रोज हेच काढतो." एवढंच बोलले. त्यांनी जन्मभर डब्यांची चित्रं काढली, कुठल्या दारातून कोण चढलं त्यांना कधी दिसलं नाही. पण त्या एका दारातून कोण चढणार ते त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी तुमचं पाऊल त्या पायरीच्या निम्म्यापर्यंतही गेलं नाही. मग खाली वीट, विटेवरून चढणं, उतरणं. मग दोन विटा. तुम्ही एकट्याने करायला लाजायच्या, म्हणून मीही करायची. हे सायकलवरून गेले की आपण दोघी अंगणात समोरासमोर खुर्च्या मांडायचो. तुम्ही 'उठ' म्हणायच्या, मी उठायची, मी 'बसा' म्हणायची, तुम्ही बसायच्या. घोट्याला पिशव्या, जुन्या परकराच्या शिवलेल्या. आत्याबाई, लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण तुमच्यामाझ्यात गोडी आली ती त्या अंगणात. नवऱ्याबद्दल तुम्ही जे तेव्हा बोललात ते मी सुनेला सांगणार नाही, ती लिहून ठेवेल.

आणि तो दूध उतू गेलेला दिवस. मी बाहेर कपडे वाळत घालते आहे. आतून वास आला म्हणून धावले, तर तुम्ही शेगडीपाशी उभ्या. हातात फडकं, फडक्यात पातेलं. खुर्ची मागे रिकामी. तुम्ही हात न टेकता उठला होतात आणि तुमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी दारात खिळले. तुम्ही चिडून म्हणालात, "पाह्यते काय? सांडलं ना अर्धं." मी फरशी पुसायला खाली बसले आणि पुसत असताना माझे डोळे वाहत होते, ते तुम्हांला दिसू दिले नाहीत.

तुम्ही गावाला निघालात ते आणीबाणीचं वर्ष होतं, गाड्या वेळेवर सुटत होत्या. एरवी चारबाग स्टेशनात गाडी तास तास उभी असायची, तुमच्या वेळेला मात्र लागली आणि निघायच्या गडबडीत. ह्यांना सामान मोजायचं निमित्त सापडलं, तिकडे बघायचा धीर नव्हता त्यांना. मी तुमच्या मागे. तुम्ही दांडा धरलात, डावं पाऊल पायरीवर ठेवलंत आणि थांबलात. मागून माणसं रेटत होती. कुणीतरी म्हणालं, "अरे भैया, अम्मा को उठा दो ज़रा," आणि एक हात पुढे आला. तुम्ही मान वळवून मराठीत म्हणालात, "हात नको लावू." त्याला मराठी काय कळणार, पण हात मागे गेला. मग तुमचा उजवा पाय उचलला गेला. चढलात. खिडकीशी बसून दम खाल्लात. मी मुलाच्या परीक्षेसाठी मागे राहणार होते. गाडी हलली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तू बसून नको राहू वं."

तेच शेवटचं. त्यानंतर मी तुम्हांला पाहिलं नाही.

हे तुम्हांला पोचवून परत आले ते उजळ तोंडाने. झाशीलाही तशाच चढलात, गावच्या स्टेशनावर उतरलात, बैलगाडी नको म्हणालात आणि मोठ्या गल्लीने, काठी टेकत, थांबत थांबत, पाटलाच्या अंगणावरून चालत घरी गेलात. हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की मीच तिथे होते असं वाटतं. मग तुमच्या बहिणीच्या मुलाचं कार्ड आलं. ह्यांनी वाचून दाखवलं. मावशीची काळजी नसावी, लखनऊहून आलेल्या माणसाला शोभेल असं ठेवलं आहे, नवी खुर्ची आणली आहे, पायसुद्धा जमिनीला लावू देत नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांनाही कळलं. मी म्हटलं, "आत्ता लिहा. तिला कामाला लावा म्हणावं, डबी फळीवर ठेवा म्हणावं." त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या मावशीला राबवतात? तेच शब्द काही वर्षांपूर्वी माझ्या तोंडचे होते. मला लिहिता आलं असतं तर मी तुम्हांलाच लिहिलं असतं. पण तुम्हांला तरी कुठे वाचता येत होतं. आपल्या दोघींच्या मध्ये कायम कुणीतरी वाचणारा.

पुढच्या थंडीत तुम्ही पडलात. या वेळी खुब्याचं हाड गेलं. मग खाट, मग छातीत कफ, मग तार. हे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परत आले तेव्हा बूटही न काढता दारातच मला सांगितलं. तुमच्या भाच्याला ते रागाने बोलले होते, की लिहूनही माझ्या मायला का बसवून ठेवलंस. तो रडायला लागला. म्हणाला, दादा, मी सुरुवातीला म्हणत होतो, मावशी, चल, चौकापर्यंत फिरून येऊ. मावशीच ऐकेना. सकाळी उठली की म्हणायची, खुर्ची बाहेर टाक. गल्लीच्या तोंडाशी, जिथून पाटलाच्या घरचे जातात येतात, तिथे. दिवस मावळेपर्यंत बसायची. कुणी राम राम केला की बसल्या बसल्या घ्यायची. उठायची नाही.

हे सांगताना ह्यांना हसू आलं. मग तोंड धुवायला म्हणून गेले ते बराच वेळ आत राहिले.

आत्याबाई, मी तुमच्यावर फार वर्षं रागावले होते. ह्यांच्याजवळही बोलले नाही, आणि आता तेही नाहीत. मला वाटायचं, अंगणात इतकं झिजून पाय परत मिळवले ते काय अशा रीतीने घालवायला? अजून पाच वर्षं हिंडला असतात. बहिणीबरोबर नदीवर गेला असतात. कधी वाटायचं, भाच्याने स्वतःची चूक झाकायला गोष्ट रचली. कधी वाटायचं, खरीच असेल, कारण ती इतकी तुमच्यासारखी आहे. तुम्हांला कुणी बसवलं होतं, की तुम्ही मर्जीने बसला होतात? फरक आहे, तुम्हीच म्हणाला होतात. मला तो कुणाला विचारता आला नाही.

आता मुलाने सोफा आणला आहे. इतका मऊ, की बसलं की माणूस आत जातं, शोधून काढावं लागतं. समोर रंगीत टीव्ही. नात म्हणते, "आजी, आप बैठो न, मैं ला देती हूँ." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. सून मला ओट्याशी उभी राहू देत नाही. दिवसभर शाळेत उभी राहून येते आणि चहा माझ्या हातात देते. मी तिला कितीदा सांगितलं, की माझ्या सासूचं असं असं झालं, मला काम करू दे. ती म्हणते, "आई, तुम्ही खूप केलंत, आता बसा." आणि खरी गोष्ट ही, की मी बसते. कुरकुर करत बसते, पण बसते. रोज सकाळी खोलीचं दार लावून घेते आणि सगळ्यांना वाटतं, आई व्यायाम करतात. मी पलंगावर पडून छताकडे बघत असते. समोर 'उठ' म्हणायला कुणी नसलं की उठावंसं वाटत नाही. आणि कुणी हातात आणून दिलेला चहा इतका गोड लागतो, की त्याच्यासाठी माणूस पाय देऊन टाकेल. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही त्या गल्लीत कसल्या सुखाने बसल्या असाल, ते थोडं थोडं आता कळतं.

सुनेने पेन थांबवलं आहे. ती हे पहिल्यांदाच ऐकते आहे. लिही, लिही, माझ्याकडे बघू नकोस.

पत्ता काय घालायचा, विचारते. काही घालू नकोस, म्हटलं, घडी करून कपाटात ठेव. तिने स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून भिंतीला लावून ठेवली आहे, उशी घालून, आणि मास्तरणीच्या आवाजात म्हणते आहे, "चला आई, हात न लावता." तुमच्या वेळी मला पटकन जमायचं. आत्ता दोनदा केलं, दोन्ही वेळा खाली बसले. तिला म्हटलं, धरू नकोस मला, अजिबात हात लावू नकोस. मग हळू आवाजात म्हटलं, पण लांब जाऊ नकोस. हे लिहायचं नाही म्हणून बजावलं होतं. तिने लिहिलं.